अँटिगनी मातीला जाते

मराठवाड्यात शोकांतिकेला तोटा नाही. निदान भाषणांत तरी नाही. सत्कार असो, वाचनालयाचं उद्घाटन असो की कुणाच्या सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ, माईक हातात आलेला माणूस तिसऱ्या मिनिटाला आवाज खाली आणतो, खिशातला रुमाल चाचपतो आणि म्हणतो, "आणि हीच खरी शोकांतिका आहे." टाळ्या पडतात. बायपासवरचा खड्डा ही शोकांतिका, बंद पडलेला हातपंप ही शोकांतिका, वाचनालयात वाचक येत नाहीत ही शोकांतिका आणि आलेच तर फक्त नोकरीच्या जाहिराती वाचतात ही त्याहून मोठी शोकांतिका. एवढ्या शोकांतिका रोज पदरात पडत असताना रंगमंचावरची एखादी अस्सल, ग्रीक बनावटीची शोकांतिका डोळ्यांनी पाहिलेला माणूस शोधायला गेलं, तर अख्खं सभागृह हिंडून हात हलवत परत यावं लागेल.

ही उणीव भरून काढायचं, समजा, नाटक शिकणाऱ्या दहा-बारा पोरापोरींनी ठरवलं. समजाच म्हणायचं; पण समजायला कठीण काही नाही. नांदेडच्या विष्णुपुरीत १९९४ साली स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ उभं राहिलं, त्याचं उपकेंद्र लातूरला आहे, कलांचं स्वतंत्र संकुल आहे आणि दरवर्षी 'ज्ञानतीर्थ' नावाचा युवक महोत्सव होतो. त्या महोत्सवात मूकाभिनय, विडंबन, पोवाडा, जलसा आणि एकांकिका करून तयार झालेली पोरं ग्रीकांना काय घाबरणार? त्यांना एकच सवय मोडायची असते. एकांकिकेच्या शेवटी लाल लाईट लावून, धूर सोडून, गुडघ्यावर पडून आकाशाकडे बघत किंकाळी मारायची. ग्रीक नाटकात माणसं मरतात ती सगळी आत, पडद्यामागं. बाहेर येतो तो निरोप्या, आणि तो नीट तपशीलवार सांगतो की आत काय झालं. किंकाळी मारायला उरतं कोण?

विद्यार्थ्यांनी ग्रीक नाटक करणं हा काही आजचा उद्योग नाही. ऑक्सफर्डच्या बेलियल कॉलेजात १८८० साली पोरांनी एस्किलसचं 'अगॅमेम्नॉन' मूळ ग्रीकमध्ये केलं. त्यात नवऱ्याचा खून करणाऱ्या राणी क्लायटेम्नेस्ट्राचं काम फ्रँक बेन्सन नावाच्या विद्यार्थ्यानं केलं. लुगडं नेसून गाजलेले आपल्याकडचे नट आठवले तर त्यात नवल वाटायचं कारण नाही. पुढं या बेन्सननं स्वतःची नाटक कंपनी काढली आणि शेक्सपियर गावोगाव फिरवला. केंब्रिजला हे बघून राहवलं नाही. त्यांनी १८८२ मध्ये सोफोक्लिसचं 'एजॅक्स' केलं आणि तिथली ग्रीक नाटकाची प्रथा अजून चालू आहे. पोरं अजूनही ग्रीकमध्येच बोलतात, वर पडद्यावर भाषांतर उमटतं आणि समोर शाळांच्या बसगाड्या भरून आलेली मुलं बसलेली असतात. म्हणजे विद्यापीठातल्या पोरांनी शाळेतल्या पोरांना अडीच हजार वर्षांपूर्वीचं मरण दाखवायचं, ही पद्धत साहेबानंच पाडून ठेवली आहे. संदर्भ म्हणून अर्जात टाकायला चांगली.

पहिला वाद नाटक कुठलं घ्यायचं याचा.

'ईडिपस' सगळ्यांच्या तोंडी. त्याची सुरुवात तर मराठवाड्यातच घडते असं वाटावं. राज्यात रोगराई, पिकं करपलेली, जनावरं मरतायत आणि लोक हातात फांद्या घेऊन राजवाड्यापुढं येऊन बसलेत. मोर्चाच तो. राजा बाहेर येतो आणि सांगतो की मला सगळं ठाऊक आहे, मी आधीच मेहुण्याला देवाकडं पाठवलंय. म्हणजे समिती नेमली आहे, अहवाल आला की बघू. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी येताना ज्यांनी लातूरच्या स्टेशनावर पाहिलं, त्यांना या प्रवेशाला तळटीप लागणार नाही. पण पुढचं काय? बाप मारला आणि आईशी लग्न झालं, हे आठवीच्या वर्गाला सांगायचं आणि वरून मुख्याध्यापकांच्या डोळ्याला डोळा द्यायचा! पु. ल. देशपांड्यांनी हे नाटक 'राजा ओयदिपौस' म्हणून मराठीत आणलं, तेव्हा त्यांना निदान शाळा तपासणीला तोंड द्यायचं नव्हतं. 'ईडिपस' बाद.

मग 'मीडिया'. नाव ऐकून पत्रकारिता शिकणारी दोन पोरं आपणहून तालमीला येऊन बसतात. त्यांना कथा सांगितल्यावर ती उठून जातात. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं म्हणून स्वतःची लेकरं मारणारी बाई, आणि शेवटी देवाच्या रथात बसून ती सुटते पण. ग्रीकांकडं हा रथ वर उचलायला लाकडी यारी असायची. मराठवाड्यात अशा कामाला जेसीबी आहे. निवडून आलेल्या माणसाच्या अंगावर वरून गुलाल आणि फुलं टाकणारा जेसीबी ज्यांनी पाहिला, त्यांना 'यंत्रातून अवतरणारा देव' वेगळा समजावून सांगावा लागत नाही. पण जेसीबीचं तासाचं भाडं काढल्यावर 'मीडिया'ही बाद होते. तसंही इ. स. पू. ४३१ च्या स्पर्धेत तिचा नंबर शेवटचा आला होता.

उरते 'अँटिगनी'.

'अँटिगनी' मराठीला परकी नाही. डॉ. श्रीराम लागूंनी ती मराठी रंगभूमीवर आणली होती. पार दक्षिण आफ्रिकेत, रॉबेन बेटाच्या तुरुंगात कैद्यांनी ती केली तेव्हा हुकूमशहा राजाचं काम नेल्सन मंडेलांनी केलं होतं. कथा थोडक्यात अशी. थीब्ज नगरीच्या गादीसाठी दोन भाऊ लढले आणि एकमेकांच्या हातून मेले. नवा राजा क्रेऑन यानं हुकूम काढला की गावाच्या बाजूनं लढलेल्याला मानानं पुरायचं आणि गावावर चालून आलेला पॉलिनायसीस तसाच उघड्यावर टाकायचा, कुत्र्या-गिधाडांना. जो पुरेल त्याला मरण. बहीण अँटिगनी जाते आणि भावाच्या अंगावर माती टाकते.

इथं तालमीतल्या पोरांना पहिला ठसका लागतो. त्यांनी इंग्रजी टीकाग्रंथ उघडलेले असतात आणि 'दफनविधी', 'अंत्यसंस्काराचा दैवी अधिकार', 'राज्यसत्ता विरुद्ध कुटुंबधर्म' असे शब्द पाटीवर लिहिलेले असतात. कोपऱ्यात बसलेली, लोह्याकडची एक पोरगी विचारते, "म्हणजे ती भावाच्या मातीला गेली?"

सगळे गप्प. कारण झालं! मराठवाड्यात कुणी वारलं की माणसं मातीला जातात. कचेरीत रजा मिळते ती मातीसाठी, परीक्षेचा पेपर बुडतो तो मातीपायी. भांडण कितीही असो, मातीला गेलंच पाहिजे. वीस वर्षं बांधावरून बोलत नसलेले भाऊबंद मातीला शेजारी उभे राहतात आणि परत येऊन पुन्हा वीस वर्षं बोलत नाहीत. आणि मेल्यावर जी द्यायची तिला मराठीत नावच आहे मूठमाती. सोफोक्लिसनं दिलं तेही तेवढंच. अँटिगनी काही खड्डा खणत नाही. कोरडी धूळ मूठभर भुरभुरवते. ज्या अर्थासाठी परदेशी विद्वानांनी प्रकरणंच्या प्रकरणं लिहिली, तो लोह्याच्या पोरीनं एका वाक्यात उरकला. पाटीवरचे शब्द पुसले जातात.

दुसरा ठसका नात्याचा. क्रेऑन कोण? अँटिगनीच्या आईचा भाऊ. म्हणजे मामा. मराठी मुलांच्या डोक्यात मामा म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी, आंबे, विहिरीत पोहणं आणि निघताना हातावर ठेवलेली नोट. हा मामा भाचीला गुहेत जिवंत चिणून टाकतो! शाळेतली पोरं क्रेऑनवर चिडतात ती लोकशाहीच्या कळवळ्यानं नव्हे, मामेपणाला बट्टा लावला म्हणून. बरं, तिचं लग्न ठरलंय ते या मामाच्याच मुलाशी, हेमनशी. यावर आजी मंडळींचा आक्षेप वेगळाच असणार. मुलानं मामाची मुलगी करावी, ती रीत. आत्याची मुलगी करणं म्हणजे परतवेल, घरातली वेल माघारी आणणं. ते बऱ्याच घरांत चालत नाही. हेमनला अँटिगनी लागते आत्याची मुलगी. म्हणजे हे लग्न झालं असतं तरी कुणीतरी मांडवात तोंड वाकडं करून बसलंच असतं. अँटिगनी एके ठिकाणी म्हणते की नवरा दुसरा मिळेल, मूलही दुसरं होईल, आईबाप गेल्यावर भाऊ काही पुन्हा मिळायचा नाही. जर्मन महाकवी गटेला ही ओळ इतकी खटकली की ती सोफोक्लिसची नाहीच असं कुणीतरी सिद्ध करून दाखवावं अशी त्याची इच्छा होती. गटेच्या घरी भाऊबीज होत नव्हती, एवढंच त्याचं कारण असावं.

नावांचं मात्र काही करता येत नाही. 'क्रेऑन' म्हटलं की पाचवी-सहावीच्या रांगांत खसखस पिकते, कारण त्यांच्या दप्तरात बारा रंगांचे क्रेऑन असतात आणि राजा त्यातला लाल की निळा हा प्रश्न रास्त आहे. आंधळा भविष्यवेत्ता 'टायरेसियस' याचं पहिल्याच प्रयोगात 'टायर' होतं. 'पॉलिनायसीस' कुणाच्या तोंडात बसत नाही. तो 'पोलीस' होतो आणि मग पोलिसाला पुरू नका असा हुकूम राजा का काढतो, हे कुणाला कळेनासं होतं. शेवटी 'धाकला भाऊ' आणि 'थोरला भाऊ' अशी सोय होते. 'अँटिगनी'त थोरला कोण हे सोफोक्लिस सांगत नाही, पण शाळेत कुणी हरकत घेत नाही.

मग परवानगीचं पत्र. शाळेत नाटक न्यायचं म्हणजे अर्ज, अर्जावर विषय, विषयाखाली 'महोदय', आणि शेवटी 'नाटकातून विद्यार्थ्यांना मिळणारा बोध' असा रकाना. मराठी शाळेत बोधाशिवाय काही आत येत नाही. ससा-कासवापासून स्नेहसंमेलनातल्या नाटुकल्यापर्यंत सगळ्यांच्या शेवटी बोध असतो. दारू पिऊ नये, झाडं लावावीत, मुलगी शिकवावी. अँटिगनीत काय लिहायचं? एकजण सुचवतो, 'सरकारी हुकूम मोडल्यास मरण येते.' दुसरा म्हणतो, 'सरकारी हुकूम काढल्यास बायको-पोरं मरतात.' दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही लिहिलं तर परवानगी मिळायची नाही. अखेर रकान्यात 'मूल्यशिक्षण' असं लिहिलं जातं. या शब्दात काहीही मावतं.

गंमत अशी की ज्या विद्यापीठाच्या लेटरहेडवर असं पत्र निघेल, त्याच्या माथ्यावर नाव आहे एका हुकूम मोडणाऱ्या मास्तरांचं. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि पुढं अंबाजोगाईत शिकवत होते, मुख्याध्यापक होते. निजामानं हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी घातली, तेव्हा १९३८ साली ती मोडून ते सत्याग्रहाला उभे राहिले आणि तुरुंगात गेले. त्या राज्यात गश्ती निशाण ५३ नावाचं एक फर्मान होतं. चार माणसं जमवून सभा घ्यायची तरी आधी सरकारची परवानगी काढायची. क्रेऑनचा हुकूम समजावून सांगताना पोरांना थीब्जच्या नकाशाची गरज पडत नाही. आजोबांकडून ऐकलेली गश्ती पुरते.

पैशाचं ग्रीकांनी बरं केलं होतं. अथेन्समध्ये नाटकाच्या कोरसचा खर्च, तालमी आणि कपडे यांचा भार सरकार एखाद्या श्रीमंत नागरिकाच्या गळ्यात टाकायचं. नाटक जिंकलं की मान त्याचाही. आपल्याकडं याला 'सौजन्य' म्हणतात आणि फ्लेक्सवर सोफोक्लिसच्या डोक्यावर सौजन्याचा फोटो येतो. सोफोक्लिसचा फोटो बारीक. गरीब प्रेक्षकाला तिकिटापुरते दोन ओबोल देणारा निधीही पुढं तिथं निघाला होता. इथं प्रयोग फुकट असतो, तरी शेवटच्या रांगेतून "सोडता कधी?" हा प्रश्न येतोच.

कपड्यांना सोलापूर शेजारी असल्याचा फायदा होतो. ग्रीक अंगवस्त्र म्हणजे खांद्यावर पिन लावलेली चादर. सोलापुरी चादरीसारखी जाड, टिकाऊ आणि राजाला शोभणारी वस्तू दुसरी कुठली? क्रेऑनच्या पाठीवर मोर नाचतो. मेलेली माणसं आतून बाहेर आणून दाखवायला ग्रीकांकडं चाकांचा चौथरा होता. एकानं घराशेजारच्या भाजीवाल्याशी बोलून हातगाडा आणलेला असतो. त्याच्यावर मेथीची दोन पानं चिकटून राहतात आणि राणीचं प्रेत पहिल्या प्रयोगात शिंकतं. नांदेडला नाट्यशास्त्र नवं नाही, पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर यांच्यासारखा भरतमुनींचा अभ्यासक या गावानं पाहिला आहे. पण शिंकणाऱ्या प्रेताचा रस कुठला, हे भरतानंही सांगून ठेवलेलं नाही.

कोरसचा प्रश्न सगळ्यांत अवघड वाटलेला असतो आणि सगळ्यांत आधी सुटतो. सोफोक्लिसनं कोरसची माणसं बारावरून पंधरा केली, इथं सगळी कंपनीच बारा जणांची. गोंधळातल्या झिलकऱ्यांसारखे पाच जण उभे केले जातात, एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हातात तुणतुणं. पण हा कोरस कोणाचा? थीब्जच्या जाणत्या म्हाताऱ्यांचा. म्हणजे पारावरची मंडळी! पोरांना एकदम पाठच होतं सगळं. गावच्या पारावर बसलेली म्हातारी माणसं जे करतात तेच ही मंडळी करतात: सरपंच आला की त्याच्यापुढं मान डोलवायची, तो गेला की हळहळायचं. क्रेऑन आणि त्याचा मुलगा हेमन यांची जुंपते. बाप म्हणतो, राज्यात शिस्त पाहिजे. मुलगा म्हणतो, गाव तुमच्या माघारी वेगळं बोलतंय, थोडं वाका. दोघांचं ऐकून ही जाणती मंडळी निवाडा देते की दोघांचंही बरोबर आहे. अडीच हजार वर्षांत पाराची भाषा बदललेली नाही.

नांदेडहून लातूरला निघालं की लोहा, अहमदपूर, चाकूर. लालपरीत चादरी, संबळ, टायरेसियसची काठी. हातगाडा मागून टेम्पोनं. वाटेत माळेगाव लागतं. मार्गशीर्षात इथं खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवं, उंट, पाळणे, भांड्यांची दुकानं आणि तमाशाचे फड. सोफोक्लिसची नाटकं अशाच ठिकाणी व्हायची. वसंतात डायोनिसस देवाची यात्रा भरे, देवाची मूर्ती वाजतगाजत आणून नाट्यगृहातच बसवत, आणि मग दिवस उजाडल्यापासून एकामागून एक नाटकं. पुढं बक्षिसं. ग्रीक शोकांतिका ही सभागृहातल्या एसीत, खोकला दाबून बघायची वस्तू आहे असा समज करून घेणाऱ्यांनी एकदा माळेगावला येऊन जावं. 'ट्रॅजेडी' या शब्दाचा मूळ अर्थच बोकडाचं गाणं असा लावतात. खंडोबाच्या यात्रेत बोकडाला तो अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

बक्षिसांचीही तीच तऱ्हा. 'ईडिपस'सारखं नाटक, ॲरिस्टॉटलनं ज्याचा दाखला दिला ते, त्या वर्षी दुसरं आलं म्हणतात. पहिलं आलं फिलोक्लिसचं. हा फिलोक्लिस कोण? एस्किलसचा भाचा. राज्य नाट्य स्पर्धेचा निकाल लागल्यावर नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर उभं राहून जे बोललं जातं, ते अथेन्सच्या पायऱ्यांवर त्या दिवशी बोललं गेलं नसेल असं कोण म्हणेल? आणि फ्रिनिकस नावाच्या नाटककारानं मायलेटस शहराच्या पाडावावर नाटक करून सगळ्या अथेन्सला रडवलं, तेव्हा त्याला बक्षीस नाही, दंड झाला. एक हजार द्राख्मा. आपलंच दुःख आठवून दिलं म्हणून. शिवाय ते नाटक पुन्हा कुणी करायचं नाही अशी बंदी.

लातूरला पोचेपर्यंत दुपार. इथं हवेतच परीक्षा आहे. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो, फोटोखाली गुण, गुणांखाली क्लासचा फोन नंबर. 'लातूर पॅटर्न'च्या या गावात नाटक घेऊन आलेल्या माणसाला पहिला प्रश्न विचारला जातो तो प्रामाणिक असतो: "हे नीटला येतं का?" येत नाही, हे कबूल करावं लागतं. पण मग एक चलाख विद्यार्थी ॲरिस्टॉटल काढतो. विंदा करंदीकरांनी ज्याचं 'काव्यशास्त्र' मराठीत आणलं तोच. तो सांगतो, शोकांतिकेचा नायक दुष्ट नसतो, त्याच्या हातून 'हमार्शिया' होते. हा शब्द नेमबाजीतला, अर्थ नेम चुकणं. वर्ग एकदम जागा होतो. नीटमध्ये बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं तर एक वजा. म्हणजे एक नेम चुकला की पाच गुणांचा खड्डा, आणि पाच गुणांत किती हजार पोरं पुढं निघून जातात हे लातूरचं पोर झोपेतही सांगेल. हमार्शिया इतक्या चटकन कुठल्याच एम. ए.च्या वर्गाला कळलेली नसेल. 'ह्युब्रिस'ला तर 'माज' हा शब्द आहेच. 'कॅथार्सिस'पाशी गाडी अडते. मराठी टीकेत त्याला 'विरेचन' म्हणतात. हा शब्द आयुर्वेदातून आलेला, आणि आजीनं एरंडेल पाजलेलं ज्यांना आठवतं ती पोरं आळीपाळीनं एकमेकांकडं बघून तोंड दाबतात. ॲरिस्टॉटलच्या मनात औषधच होतं असं म्हणणारे पंडित आहेत, तेव्हा पोरांना चूक म्हणता येत नाही.

प्रयोग शाळेच्या मैदानावर, कडुनिंबाखाली. माइक टेस्टिंग. नारळ. पाहुण्यांचं स्वागत, पाहुण्यांच्या हस्ते स्वागत, स्वागताबद्दल आभार. प्रास्ताविकात एकदा 'शोकांतिका' येऊन जाते, मैदानाला कंपाउंड नसल्याबद्दल. मग संबळ वाजतो.

पहिली दहा मिनिटं राजाच्या मोराकडं बघण्यात जातात. खरं नाटक सुरू होतं ते पहारेकरी आल्यावर. शोकांतिकेत विनोद नसतो असं ज्यांना शिकवलं गेलंय, त्यांनी सोफोक्लिसचा हा पहारेकरी वाचलेला नाही. प्रेतावर कुणीतरी माती टाकून गेलं ही बातमी राजाला सांगायला कुणी तयार नाही. चिठ्ठ्या टाकल्या, याचं नाव निघालं. तो येतो आणि बातमी सोडून बाकी सगळं सांगतो. आपण पळत आलो नाही, वाटेत किती वेळा थांबलो, किती वेळा माघारी वळलो, एक मन काय म्हणालं आणि दुसरं काय. हे काम ज्या पोराला मिळालंय तो लातूरकडचा आहे. तो सरळ घरची बोली काढतो, "येऊलालाव", "जाऊलालाव" असं राजाला ऐकवतो, आणि मैदान कोसळतं. साहेबांना वाईट बातमी सांगायची वेळ आलेला शिपाई या मुलांनी शाळेतच रोज पाहिलेला असतो. मोठ्यांच्या रांगेत बसलेला खराखुरा शिपाई सगळ्यांत मोठ्यानं हसतो आणि मग मुख्याध्यापकांकडं बघून थांबतो.

त्यानंतर हसू येत नाही. पोरगी पकडली जाते. मामा ऐकत नाही. गाड्यावर झोपण्याआधी हेमन बापाशी भांडतो आणि सातवीच्या रांगेतला एक मुलगा बाजूच्याचा हात धरतो. टायर, म्हणजे टायरेसियस, येऊन सांगतो की तू मेलेल्याला वर ठेवलंस आणि जिवंतीला खाली गाडलंस, याची फेड तुझ्या घरातून होणार. राजा घाबरतो. पारावरच्या मंडळींना विचारतो, काय करू? ती मंडळी, जी आतापर्यंत दोन्हीकडं मान डोलवत होती, पहिल्यांदाच स्पष्ट बोलते. आधी पोरीला गुहेतून सोडव. मग त्या मेलेल्याला पूर. राजा धावतो. आणि थोड्या वेळानं निरोप्या येऊन सांगतो की महाराज आधी प्रेताकडं गेले, त्याला अंघोळ घातली, अग्नी दिला, वर मातीचा ढीग रचला आणि मग गुहेकडं वळले. गुहेत अँटिगनीनं गळफास घेतला होता. मग हेमन. मग राणी.

हातगाडा येतो. मेथीचं पान या वेळी पुसलेलं असतं.

टाळ्या पडतात, जरा उशिरानं. मुख्याध्यापक उठतात, माईक हातात घेतात आणि रकाना भरायला लागतात. "तर विद्यार्थी मित्रांनो, या नाटकातून आपण काय बोध घेतला? वडीलधाऱ्यांचं ऐकावं." मागून एक हात वर होतो. आठवीतली मुलगी, दोन वेण्या.

"सर, पण म्हाताऱ्यांनी त्याला आधी पोरीला सोड म्हणून सांगितलं होतं. त्यानं आधी माती का केली?"

मुख्याध्यापक क्रेऑनकडं बघतात. क्रेऑन पाठीवरचा मोर सावरतो. महिनाभर तालमी झाल्या, त्याला हा प्रश्न पडलेला नव्हता. मेलेल्याची चूक आधी दुरुस्त केली की देव शांत होतील, असं वाटलं असेल का? की प्रेत जवळ होतं आणि गुहा लांब? तो पारावरच्या मंडळींकडं बघतो. मंडळी एकमेकांकडं. शेवटी संबळवाला, अजून भूमिकेतच असल्यासारखा, सांगतो की ताई, तुझंही बरोबर आहे आणि महाराजांचंही.

"बरोबर कसं?" ती म्हणते. "ती जिवंत होती की."

तेवढ्यात खिचडीची घंटा होते. मैदान ताटं घेऊन पळतं. ती मुलगी मात्र दोन्ही हात कमरेवर ठेवून हातगाड्याशी उभी असते, आणि गाड्यावरची राणी, अजून मेलेली, एक डोळा उघडून क्रेऑन काय उत्तर देतो ते बघत असते.